चिडचिड बाईची, व्यायामशाळा पुरुषांची

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत मी एक मागणी मांडली. वस्तीतल्या पालिकेच्या व्यायामशाळेत रोज दोन तास फक्त बायकांसाठी राखून ठेवावेत. क्षणभर कुणी बोललंच नाही. मग एक ज्येष्ठ ताई म्हणाल्या, "अगं, पाण्याचा प्रश्न तसाच पडलाय, मारहाणीच्या केसेस तुंबल्यात आणि तुला जिम कसलं सुचतंय?" ताईंबद्दल मला आदर आहे. तरी त्यांचं म्हणणं पटलं नाही. का, ते इथे मांडते.

सुरुवात स्वतःपासूनच करते. एमएसडब्ल्यू झाल्यापासून मी समुपदेशनाचं काम करते. दिवसभर दुसऱ्या बायकांचं शांतपणे ऐकणारी मी, संध्याकाळी घरी मुलाने "वही सापडत नाही" म्हटलं तरी त्याच्यावर खेकसायची. रात्री तीनला जाग यायची. छातीत धडधडायचं. कोर्टाची तारीख, संपत आलेला सिलिंडर, सासूबाईंची औषधं, सगळं एकदम डोक्यात. डॉक्टरांच्या तपासण्यांत काही निघालं नाही. "या वयात बायकांचं असं होतंच," म्हणत त्यांनी झोपेची गोळी लिहून दिली. माझ्या दिवसात काय काय चालतं, हे त्यांनी विचारलं नाही.

एका मैत्रिणीच्या आग्रहाने जवळच्या जिममध्ये नाव घातलं. पहिल्याच दिवशी ट्रेनरने फॉर्म पुढे केला. वजन किती, कंबर किती, किती किलो कमी करायचं. झोप लागत नाही, जीव घाबरतो, हे लिहायला त्यात रकानाच नव्हता. "वजन राहू दे आहे तेवढं," म्हटल्यावर तो गोंधळलाच! बाई इथे येणार ती बारीक व्हायलाच, हे त्याने आणि भिंतीवरच्या पोस्टरांनी ठरवूनच टाकलं होतं.

तरी मी जात राहिले. वीस मिनिटं ट्रेडमिलवर भरभर चालायचं, मग वजनं उचलायची. दोनेक महिन्यांनी लक्षात आलं की मधे जाग न येता रात्र जाते आहे. राग येतोच, पण तो तोंडातून बाहेर पडण्याआधी मला कळतो.

यात चमत्कार काही नाही. काळजीने छाती धडधडते, श्वास वाढतो, घाम फुटतो आणि त्या धडधडीचीच पुन्हा भीती वाटू लागते. व्यायामातही तेच होतं. पण तिथे धडधड आपण स्वतः वाढवतो आणि थांबलो की ती उतरते. धडधडलं म्हणजे संकटच आलं असं नाही, हे शरीर हळूहळू शिकतं. नियमित व्यायामाने चिंतेची आणि नैराश्याची लक्षणं कमी होतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सुचवला आहे.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "घरकामात काय कमी व्यायाम होतो?" २०२४ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्या बिनपगारी कामात जातात. घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. या २८९ मिनिटांत कंबर मोडते, पण मन सुटत नाही. हात कपड्यात, कान कुकरच्या शिट्टीकडे, लक्ष शाळेच्या वेळेकडे. व्यायामाचा पाऊण तास वेगळा असतो, कारण त्यात कुणी हाक मारत नाही. नेमका तोच पाऊण तास बाईला मिळत नाही.

पुरुषांना तो कधीच चैन म्हणून मागावा लागला नाही. गावोगावच्या तालमी कुणासाठी होत्या? लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत जोतीराव फुले तयार झाले, याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. मग बाईच्या दंडातल्या बळाचा विषय निघाला की ते मध्यमवर्गीय खूळ कसं ठरतं? आमच्या वस्तीतली व्यायामशाळा पालिकेच्या पैशातून झाली. त्या पैशात धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या खरेदीवरचा करही आहे. पण दारात पोरांचं टोळकं बसलेलं असतं आणि आत पाऊल टाकायची तिची हिंमत होत नाही.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगते. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला "व्यायाम कर, बरं वाटेल" म्हणणं हा तिचा अपमान आहे. तिला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचं संरक्षण हवं, निवारा हवा, आपली सोबत हवी. आजार मोठा असेल तर औषधही हवं, आणि ते मनाने बंद करू नये. दुसरं, घरच्यांना शांत, हसतमुख बायको मिळावी म्हणून आपण व्यायाम करायचा नाही. आपली निम्मी चिडचिड न्याय्य आहे. ती घालवायची नाही, तिने आपल्यालाच पोखरू नये एवढंच बघायचं. थकून गेलेली कार्यकर्ती पाण्याचा मोर्चा तरी किती दिवस काढणार?

म्हणून आमची मागणी अशी : रोज ठरलेले दोन तास, शिकवायला बाई, वापरता येईल असं स्वच्छतागृह, रस्त्यावर दिवा आणि तेवढा वेळ मुलांना सांभाळायची सोय. तुमच्या भागातल्या व्यायामशाळेवर किती खर्च झाला आणि तिथे किती बायका जातात, हे माहितीच्या अधिकारात विचारा. आलेलं उत्तर आम्हाला कळवा.

आमच्या निवेदनावर ६३ सह्या झाल्या आहेत. ताईंची अजून व्हायची आहे. मी त्यांच्या मागे लागले आहे.