स्लायडरमध्ये बाबासाहेब, हक्क मात्र पीडीएफमध्ये

१४ एप्रिल आला की विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर बाबासाहेबांचा भव्य फोटो झळकतो. तो सरकतो, त्यामागून कुलगुरूंचा फोटो येतो, मग पाहुण्यांच्या सत्काराचा. खाली लाल अक्षरांची पट्टी धावत असते आणि तिच्यावर 'नवीन' असा ठिपका लुकलुकत असतो. पण त्याच पानावर 'समान संधी केंद्र' शोधा. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख शोधा. बिंदुनामावली शोधा. अनेक ठिकाणी ती सापडलीच, तर वाकड्या स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये सापडते.

आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, हा सगळा दिखावा बंद करा, साधं पान ठेवा. मला हे पटत नाही. चित्र वाईट नाही आणि हलणारं पानही वाईट नाही. प्रश्न एवढाच आहे की ते कोणासाठी हलतं? पाहुण्यांना दाखवण्यासाठी, की घरातून पहिल्यांदाच विद्यापीठात आलेल्या मुलीसाठी, जी बापाच्या मोबाईलवर, संपत आलेल्या डेटावर ते पान उघडते?

तिच्यासाठी पान बनवायचं तर काय करावं लागेल? कॅमेऱ्यातला फोटो जसाच्या तसा चढवला तर तो चार-पाच एमबीचा असतो. रुंदी १२०० पिक्सेलवर आणून तोच जतन केला की साधारण दोनशे केबीत बसतो, आणि मोबाईलवर फरक दिसतही नाही. प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर दिला की अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर तो वाचून दाखवतो. स्कॅन केलेलं परिपत्रक मात्र त्याच्यासाठी कोरा कागद असतं, आणि शोध घेणाऱ्या कुणालाही त्यातलं अक्षर सापडत नाही. परिपत्रक युनिकोड मराठीत टाइप करून टाकलं की दोन्ही अडचणी सुटतात.

धावती पट्टी ज्या मार्की टॅगने बनते, तो एचटीएमएल ५ ने कधीच बाद ठरवला आहे. सावकाश वाचणाऱ्याच्या हातून ती निसटते. तिच्या जागी तारखेनुसार यादी द्या. जावास्क्रिप्टच्या मोजक्या ओळींत 'महाडीबीटी अर्जाला ९ दिवस उरले' असं रोज आपोआप बदलतं दाखवता येतं. 'फ्रीशिप कोणाला मिळते?' असे प्रश्न ठेवा आणि बोट लावताच खाली उत्तर उघडू द्या. त्यासाठी जावास्क्रिप्टही लागत नाही, एचटीएमएलचे डिटेल्स आणि समरी हे दोन टॅग पुरतात.

आणि खरा आलेख काढायचाच असेल तर तो पदांचा काढा. प्रत्येक विभागात प्रवर्गनिहाय मंजूर पदं किती, भरलेली किती, अनुशेष किती? तीन रंगांचे तीन स्तंभ, खाली तक्ता. चाळीस पानी पीडीएफमध्ये जे लपतं, ते एका नजरेत दिसेल. नेमकं म्हणूनच हा आलेख कोणी काढत नाही.

'निधी नाही, माणूस नाही' हे उत्तर ठरलेलं आहे. स्लायडरला माणूस मिळतो, मग बिंदुनामावलीलाच का मिळत नाही? हे काम संगणक विभागाची मुलं सहज करतील. अडचण तंत्राची नाही, नियतीची आहे.

ही मागणी मेहेरबानीची नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चं कलम ४ सांगतं की सार्वजनिक प्राधिकरणाने माहिती स्वतःहून, इंटरनेटसह विविध माध्यमांतून प्रसिद्ध करावी आणि तसं करताना स्थानिक भाषेचा विचार करावा. यूजीसीच्या २०१२ च्या समता विनियमांनी समान संधी केंद्र आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितलं. रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या आईंना २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, ते याच विनियमांच्या अंमलबजावणीसाठी. ज्या अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर पानावर दिसत नाही, तो पीडित विद्यार्थ्यासाठी नेमलेलाच नसतो. म्हणून तक्रारीचं बटण पहिल्याच पानावर हवं, आणि ते दाबून तक्रार नोंदवली की तक्रार क्रमांक लगेच हातात पडायला हवा.

मित्रांनो, या आठवड्यात आपापल्या विद्यापीठाचं पान वायफाय बंद करून मोबाईलवर उघडा. भेदभावविरोधी अधिकाऱ्याच्या नावापर्यंत पोहोचायला किती वेळा बोट दाबावं लागलं, ते मोजा. तो आकडा लिहून कुलसचिवांना निवेदन द्या. आपल्यातल्या कोड लिहिणाऱ्या मुलामुलींनी नमुना पान बनवून सोबत जोडावं, म्हणजे 'जमत नाही' म्हणायला जागा राहणार नाही.

बाबासाहेबांचा फोटो पहिल्या पानावर जरूर असू द्या. पण त्यांनी मिळवून दिलेले हक्कही त्याच पानावर दिसले पाहिजेत.

जय भीम!