पिझ्झा खाल्ला, हे डॉक्टरांपासून का लपवावं लागतं?

"डॉक्टर, आता तुम्हीच सांगा हिला. आमचं ऐकत नाही. दर रविवारी पिझ्झा लागतो."

ओपीडीत हे वाक्य मी आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकतो. परवा आले ते आजोबा ६२ वर्षांचे, सोबत ११ वर्षांची नात. नातीला साधा सर्दी-खोकला होता, पण तिचा घसा बघून होण्याआधीच पिझ्झाचा विषय निघाला. आजोबांची स्वतःची फाइल माझ्याकडे आहे, शेवटचं एचबीए१सी ९.४. हातातल्या पिशवीत गुलमंडीवरून घेतलेल्या गरम कचोऱ्या होत्या, हे मला वासावरूनच कळलं. मी पिशवीकडे बोट दाखवून विचारलं, "आणि हे?" तर म्हणाले, "हे काय, आपलं नेहमीचंच."

दहा वर्षांपूर्वी मी डोळे मोठे करून त्या पोरीला सांगितलं असतं, "बाळा, पिझ्झा म्हणजे विष असतं बरं का." हे वाक्य मी कितीतरी वर्षं म्हणत आलो. शाळांमधल्या आरोग्य व्याख्यानांत म्हटलं आणि पालकांच्या टाळ्याही घेतल्या. आता म्हणत नाही. उलट जे म्हणतात त्यांच्याशी मला वाद घालायचा आहे, आणि त्यांत माझे काही डॉक्टर मित्रही येतात. चिडले तर चिडू देत.

वाक्य का सोडलं ते सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

१९ वर्षांची एक मुलगी. टाइप १ मधुमेह, म्हणजे शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही. जेवणाआधी एक इन्शुलिन आणि रात्री दिवसभर पुरणारं दुसरं, असं दिवसाला चार टोचण्या घेणारी. शिक्षणासाठी आपल्या शहरात आली, हॉस्टेलवर राहू लागली. वही नीट ठेवायची. पण वहीत एक कोडं होतं. झोपताना शुगर १३०, १४०; आणि काही सकाळी थेट २९०, ३१०. मी विचारलं, "रात्री काही खाल्लंस का?" ती म्हणाली, "नाही सर." मेसचं जेवण? "हो, तेच." मग मी पुस्तकी हिशोब केला. रात्रीचं इन्शुलिन कमी पडतंय. १४ युनिटचं १८ केलं, पुढच्या भेटीत २०.

तीन आठवड्यांनी एका बुधवारी पहाटे तिच्या आईचा फोन आला. पोरगी घामाने भिजलेली, नीट उत्तर देत नव्हती. रूममेट हुशार, तिने ग्लुकोमीटर लावला. शुगर ४२. मुलगी अर्धवट शुद्धीत होती आणि गिळू शकत होती, म्हणून घोटघोट साखरपाणी देता आलं. (पेशंट पूर्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका. पाणी फुप्फुसात जातं. सरळ दवाखाना गाठा.) वाचली. थोडा उशीर झाला असता तर मी आज हा लेख कोणत्या तोंडाने लिहिला असता, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी ती रडत म्हणाली, "सर, शनिवारी आम्ही सगळ्या पिझ्झा खातो. तुम्ही म्हणाला होतात ना विष असतं, म्हणून वहीत लिहिलं नाही."

वही पुन्हा उघडली. वाढलेल्या सगळ्या शुगर रविवार सकाळच्या होत्या. रविवारीच का, हा प्रश्न मला सुचला नव्हता. तिच्या खोट्यावर मी डोस ठरवला, आणि ते खोटं तिला मीच शिकवलं होतं.

यामागचं शास्त्र साधं आहे. इन्शुलिन घेणाऱ्या जगभरच्या पेशंटना ते माहीत असतं आणि त्याला "पिझ्झा इफेक्ट" असंच म्हणतात. पिझ्झात मैद्याचं पीठ असतं आणि वर भरपूर चीज, म्हणजे चरबी. चरबीमुळे जठर हळूहळू रिकामं होतं, म्हणून पिठाची साखर रक्तात उशिरा उतरते. वर त्या चरबीमुळे पुढचे काही तास इन्शुलिनही नेहमीपेक्षा कमी काम करतं. जेवणानंतर दोन तासांनी शुगर छान दिसते, माणूस निर्धास्त झोपतो, आणि मध्यरात्रीनंतर ती चढत जाते. त्यावर उपाय आहेत. जेवणाचं इन्शुलिन विभागून देता येतं, रात्री एकदा जास्तीची तपासणी करता येते. हे मनाने करू नका, आपल्या डॉक्टरांकडून बसवून घ्या. पण पिझ्झा खाल्ला हे डॉक्टरला कळलंच नाही तर तो काय बसवणार? आणि हो, भरपूर तूप घातलेल्या पुरणपोळ्या, लग्नातली पुरी-भाजी, बिर्याणी, हेही असंच वागू शकतं. त्याला कोणी पुरणपोळी इफेक्ट म्हणत नाही, एवढंच.

लपवून खाणं मला तरी नवीन कुठे होतं? १९८८ ला मी घाटीत एमबीबीएसला लागलो. सुट्टीहून परतताना आई ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा बांधून द्यायची. मी तो डबा खोलीचं दार लावून खायचो. पुण्या-मुंबईची पोरं "काय रे, भाकरी?" असं ज्या सुरात म्हणायची, तो सूर अजून कानात आहे. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं आणि आता तीच ज्वारी चकचकीत पाकिटात "मिलेट" म्हणून येते. दाणा तोच, फक्त इज्जत बदलली.

पिझ्झा मी पहिल्यांदा खाल्ला तो त्याच हॉस्टेलवर. मोठ्या कंपन्यांचे पिझ्झे भारतात आले १९९६ मध्ये, तेही दिल्ली-बंगळुरूला. आमच्या औरंगाबादेत तेव्हा बेकरीत प्लास्टिकच्या पिशवीत दोन-दोन जाड बेस मिळायचे, गोडसर, बनपावाच्या चवीचे. एका मित्राच्या वाढदिवसाला आम्ही ते हॉस्टेलमध्ये बंदी असलेल्या कॉइलच्या शेगडीवर भाजले. टोमॅटो सॉस, कांदा, ढोबळी मिरची, वर अमूलचं चीज किसून, ताट झाकण म्हणून. खालून करपलं, वरून चीज वितळलंच नाही. तरी इतकं भारी लागलं की पुढच्या सुट्टीत मी चार बेस घेऊन गावी गेलो, आईला खाऊ घालायला.

आईने एक घास घेतला. चीज बोटाने ताणून बघितलं आणि म्हणाली, "खरवस बिघडला का रे?" मग बेस दाबून बघितला. "आणि भाकर कच्चीच आहे." तिने दुसरा बेस तव्यावर टाकला, कडक होईपर्यंत भाजला, वर लसूण घालून कुटलेली चटणी पसरली, कच्चं तेल सोडलं आणि वडिलांपुढे ठेवला. वडील म्हणाले, "आता जमलं." मला तेव्हा लाज वाटली होती. पुढे वाचलं की ज्या नेपल्स शहरात पिझ्झा वाढला, तिथे तो मुळात गरीब कष्टकऱ्यांचं रस्त्यावरचं खाणं होता, आणि तिथल्या जुन्या मारिनारा पिझ्झात चीज नसतंच. टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, तेल. टोमॅटो सोडला तर आई नेपल्सच्या माझ्यापेक्षा जास्त जवळ होती. नेपल्सच्या पिझ्झा करण्याच्या त्या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला. भाकरी-ठेच्याला कोणी देईल तेव्हा देईल.

माझं लग्न झालं आणि घरात आणखी एक चव आली. बायको पुण्याची. तिच्या आमटीत गूळ, आमच्याकडे येसराची तिखट आमटी. पहिला महिनाभर वडील ताटाखाली हिरवी मिरची लपवून जेवायचे, सुनेला वाईट वाटू नये म्हणून. आता माझा मुलगा पिझ्झाच्या कडा ताटात सोडतो आणि मी त्या लाल चटणीला लावून खातो. आमच्या घरात कोणाचीच जीभ कोणासारखी नाही.

यात हट्ट किंवा लाड जेवढे वाटतात तेवढे नसतात. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून प्रयोगशाळेत पीटीसी नावाच्या द्रव्याची पूड हवेत उडाली. शेजारच्याने तोंड वाकडं केलं, "कडू आहे!" फॉक्सला काहीच लागलं नाही. पुढे कळलं की हा फरक जन्मजात आहे, जिभेवरच्या कडू चवीच्या एका जनुकाचा. कोबी, मुळा, मोहरीची पानं काहींना म्हणूनच जास्त कडवट लागतात. अमेरिकेत ज्युली मेनेला यांनी २००१ मध्ये दाखवलं की गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना आईने गाजराचा रस घेतला, तर बाळ पुढे गाजराच्या चवीचं खाणं कमी तोंड वाकडं करत खातं. जिभेची शाळा पोटातच सुरू होते. उरलेलं सवयीवर. लहान मुलाला एखादी भाजी आवडायला ती आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावी लागते. आपण दोनदा वाढतो आणि "याला आवडतच नाही" म्हणून मोकळे होतो. मीठही तसंच. काही आठवडे कमी मिठाचं खाल्लं की जुनं जेवण खारट लागायला लागतं. माझ्या बीपीच्या पेशंटना हे खोटं वाटतं, आणि तीन महिन्यांनी तेच मला येऊन सांगतात.

"आपलं" आणि "परकं" हा तर शुद्ध भ्रम आहे. एकादशीची साबुदाण्याची खिचडी घ्या. आजचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची: चौघांचं मूळ गाव अमेरिका खंड. पोर्तुगीजांच्या जहाजांचा काळ सुरू होण्याआधी यातलं काहीही आपल्या स्वयंपाकघरात नव्हतं. आपल्या शहराची ओळख असलेला नान खलिया तुघलकाच्या लष्कराबरोबर दौलताबादला आला असं सांगतात. स्वादुपिंड कोणाचाही पासपोर्ट तपासत नाही. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येणाऱ्या शुगर बघा म्हणजे कळेल. दिवसभर स्टार्च, त्यावर तूप आणि तळलेले दाणे, आणि नाव उपवासाचं.

मोबाइलवर फिरणाऱ्या दोन गोष्टींचं एकदा उत्तर देऊन टाकतो. मैदा आतड्याला गोंदासारखा चिकटतो, हे खोटं आहे. खळ लावून कागद चिकटतो, पण आतड्यात पाचकरस असतात. मैद्याचा स्टार्च तिथे पटकन तुटून साखर होतो. त्याचा दोष हाच आहे, की तो फार लवकर पचतो आणि त्यात चोथा फारसा नसतो. दुसरं, मैद्यातल्या अॅलॉक्सनने मधुमेह होतो म्हणे. प्रयोगशाळेत उंदरांना मधुमेह करण्यासाठी अॅलॉक्सनचं इंजेक्शन देतात हे खरं. पिठात सापडला तर त्याचा अंश नगण्य असतो, आणि माणसाच्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी त्याला उंदरासारख्या बळी पडत नाहीत. खोटी भीती घातली की लोक खऱ्या कारणाकडे बघत नाहीत.

खरं कारण कंटाळवाणं आहे: किती वेळा, किती, आणि सोबत काय. पिझ्झात मीठ आणि चीज भरपूर असतं, यात वाद नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, सगळं धरून. एका मोठ्या पिझ्झात त्यातला मोठा वाटा संपतो, आणि सोबतच्या गार्लिक ब्रेड आणि कोल्ड्रिंकने उरलेली कसर भरून निघते. रोजचा पापड, लोणचं, फरसाणही तेच करतात, फक्त त्यांच्यावर आजोबा रागवत नाहीत. पोराचं वजन वाढतंय, रोज संध्याकाळी बाहेरचं मागवलं जातंय, तर मी स्पष्ट बोलतो. पण तेव्हाही पोराला गुन्हेगार करत नाही. पैसे कोण देतं?

त्या दिवशी मी नातीला विचारलं, "किती तुकडे खातेस?" ती आजोबांकडे बघून गप्प. आजोबांना मी दोन मिनिटं बाहेर बसवलं. मग म्हणाली, "दोन. पण आजोबा पण एक खातात, कोणाला सांगू नका." आजोबांना परत आत घेतलं आणि त्यांच्या फाइलवर काम सुरू केलं: कचोऱ्या आठवड्यातून किती वेळा, चहात साखर किती, रात्री जेवण किती वाजता. त्यांनी तिसऱ्या प्रश्नाला खरं सांगायला सुरुवात केली. पिझ्झाचा तो एक तुकडा मी बाहेर काढला नाही. पुढच्या भेटीला स्वतःच सांगतील, असा अंदाज आहे.

ती हॉस्टेलची मुलगी आता नोकरी करते. इन्शुलिनचं गणित तिला माझ्यापेक्षा चांगलं जमतं. मागच्या शनिवारी रात्री मेसेज आला: "सर, तीन तुकडे. डोस विभागलाय. दोनचा गजर लावलाय." सकाळी आठला दुसरा आला, त्यात फक्त आकडा होता. १४८.