पाऊस थांबला, टपटप का थांबत नाही?

'पाऊस जाऊन तीन आठवडे झाले, तरी अम्मीच्या खोलीत टपटप चालूच आहे,' असं एका भगिनीने कळवलं आहे. ऑगस्टमध्ये उघडीप मिळताच त्यांनी गच्चीवर केमिकलचा महागडा कोट मारून घेतला होता.

आधी गच्चीवरची टाकी आणि पाइप तपासा. तिथे दोष नसेल, तर हे पाणी आत अडकलेलं आहे. गच्चीच्या स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा चार-पाच इंची कोबा असतो आणि वीट पाणी पिते. तडा गेलेल्या कोब्यात ते पावसाळाभर मुरतं. ओल्या कोब्यावर कोट मारला की वर वाळायची वाट बंद. उन्हाने आतली वाफ कोट फुगवते, फोड फुटतात. उरलेलं पाणी स्लॅबच्या बारीक भेगांतून खोलीत उतरतं. मिस्त्रीने हे सांगायला हवं होतं.

कोरड्या दिवशी, कोट निघालेला असेल तिथे दोन फुटी प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले तर ओल आहे. हातोडी हलकेच ठोकत फिरा, पोकळ वाजेल तिथे खूण करा. थोडीच जागा असेल तर तेवढा कोबा स्लॅबपर्यंत फोडून चालेल. बहुतेक गच्ची तशी वाजली तर सगळाच काढावा लागेल. राडारोडा एका जागी ढीग करून ठेवू देऊ नका. स्लॅब पूर्ण वाळू द्या, भेगा भरा, कठड्याच्या कोपऱ्यात गोलाकार वाटा काढा, आठ फुटांना एक इंच उतार ठेवा. मग पाणी कोंडून दोन दिवस खालून बघा. हे काम दिवाळीनंतर काढावं, मेअखेरीच्या घाईत नको.

या भगिनीने जाता जाता लिहिलंय की, अम्मी नमाज पढतात तिथेच छताचं प्लास्टर फुगलंय आणि तांबूस रेघ उठलीय. मला टपटपीपेक्षा याची काळजी वाटते. आतली सळई गंजून फुगते आणि काँक्रीट सोलून पाडते. अम्मींचा मुसल्ला आणि पलंग आजच तिथून हलवा, इंजिनियरला दाखवा. वर पीओपी लावून झाकू नका. खर्च कोणत्या भावाने करायचा, ही चर्चा नंतर होईल.

तोवर बादलीत रोज किती पाणी जमतं ते वहीत लिहा. कमी होत गेलं तर कोबा रिकामा होतोय. तेवढंच राहिलं तर पुन्हा टाकीकडे बघा.