सही करण्यापूर्वी एकदा गावी या
(सेवानिवृत्त ग्रामस्थांस जाहीर आवाहन)

मुंबई, ठाणे, पुणे व पिंपरी-चिंचवड येथे नोकरीधंद्यानिमित्त गेलेल्या, आणि नुकत्याच सेवानिवृत्त झालेल्या किंवा येत्या दोन-चार वर्षांत होणाऱ्या, राळेगणसिद्धी व पंचक्रोशीतील सर्व बंधुभगिनींसाठी हे आवाहन आहे.

हे आवाहन लिहिण्यास निमित्त असे घडले की, गेल्या दिवाळीस माझा एक बालमित्र, ज्याची उभी हयात मुंबईच्या बाजारात पाठीवर पोती वाहण्यात गेली, तो माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि त्याने पिशवीतून एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका काढून माझ्यापुढे ठेवली. पुस्तिकेत निळ्याशार पाण्याचा तलाव होता, तलावाकाठी हसणारे आजी-आजोबा होते, आणि शेवटच्या पानाला टाचणीने लावलेली चार लाख रुपयांची साधी पावती होती. नगर रस्त्यालगत होऊ घातलेल्या एका इमारतीतील दोन खोल्यांच्या, अठ्ठावीस लाखांच्या सदनिकेसाठी त्याने ही रक्कम भरली होती. करारनामा झालेला नव्हता, आणि इमारतीच्या जागी अद्याप बाजरीचे धसकट उभे होते. "मास्तर, आता पुढं काय करू?" असे त्याने विचारले, आणि हा प्रश्न पावतीच्या आधी विचारला असता तर किती बरे झाले असते, हे त्याला सांगण्याचे धैर्य मला त्या क्षणी झाले नाही.

आपल्या गावाला निवृत्तीचा एक थोर दाखला आहे. १९७५ साली सैन्यातून निवृत्त होऊन अण्णा हजारे गावी परतले, तेव्हा हाती आलेल्या पैशातून त्यांनी स्वतःसाठी घर न बांधता मोडकळीस आलेल्या यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला व मंदिरालगतच्या खोलीत मुक्काम ठेवला, हे सर्वश्रुत आहे. परंतु ते ब्रह्मचारी, आपण प्रापंचिक. आपल्याला छप्पर हवे, पत्नीच्या गुडघ्यांना सोसेल असा जिना हवा, नातवंडे सुटीत आली तर अंथरूण टाकण्यापुरती जागा हवी. म्हणून त्या त्यागाचा आदर्श मी आपल्यापुढे ठेवीत नाही. ठेवतो तो त्याच काळातला दुसरा, अधिक व्यवहारोपयोगी धडा.

आपल्या गावचा पाझर तलाव शासनाने बांधलेला होता. कागदोपत्री काम पुरे झालेले होते. पावसाळ्यात पाणी साचलेले दिसे, आणि थोड्याच दिवसांत ते गळतीवाटे निघून जाई. वर्षाकाठी जेमतेम चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या मुलखात अशा तलावाचा उपयोग शून्य. पुढे अण्णांच्या पुढाकाराने गावाने श्रमदान करून ती गळती बंद केली, तेव्हा कोठे खालच्या अंगाच्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी टिकले. ज्या पिढीने हे डोळ्यांनी पाहिले, तिला बांधकामाची परीक्षा श्रावणात न घेता वैशाखात घ्यावयाची असते, हे वेगळे शिकविण्याची गरज नसावी. तरीही आपलेच लोक शहरात गेल्यावर नमुना सदनिकेच्या पडद्यांना व शीतयंत्राच्या गारव्याला भुलतात, याचे मला नवल वाटते.

तेव्हा पहिली विनंती ही की, विकासकाची नवी इमारत पाहण्यापूर्वी त्याची जुनी इमारत पाहा. पाच-सहा वर्षांपूर्वी त्याने ताबा दिलेल्या एखाद्या सोसायटीत मे महिन्यातल्या एका दुपारी, दलालाला बरोबर न घेता जा. जिन्याखालच्या भिंतीला ओल आहे की नाही, उद्वाहक चालू आहे की त्याच्या दारात सायकली लावलेल्या आहेत, हे पाहा. रखवालदाराला टँकर आठवड्यातून किती येतात ते विचारा, कारण तो खरे सांगतो. सोसायटीच्या चिटणीसांना दोनच गोष्टी विचारा : भोगवटा प्रमाणपत्र मिळाले का, आणि जमिनीचे अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झाले का. पहिल्या प्रश्नाला "अर्ज केलेला आहे" आणि दुसऱ्याला "बिल्डर टाळतोय" असे उत्तर आले, तर चहा घेऊन परत या. त्या विकासकाच्या नव्या पुस्तिकेत काय छापले आहे हे वाचण्याचे कारण उरत नाही.

आता कायद्याविषयी. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ अन्वये आपल्या राज्यात १ मे २०१७ पासून महारेरा हे प्राधिकरण काम करीत आहे. नोंदणी केल्यावाचून प्रकल्पाची जाहिरात वा विक्री करता येत नाही, आणि नोंदणीकृत करारनाम्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही. माझ्या मित्राकडून अठ्ठावीस लाखांपोटी चार लाख घेतले गेले, तेथेच हिशेब चुकला होता. दोन लाख ऐंशी हजार ही मर्यादा. ग्राहकांकडून आलेल्या पैशातील सत्तर टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून ती केवळ त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्च करावयाची आहे. ताब्यानंतर पाच वर्षांपर्यंत रचनेतील दोष विकासकाने स्वखर्चाने दूर करावयाचे आहेत. आणि किंमत चटई क्षेत्रावर ठरवावयाची आहे, जिन्याच्या व गच्चीच्या वाट्यासह फुगविलेल्या क्षेत्रावर नव्हे. महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकला की मंजूर नकाशा, पूर्णत्वाची दिलेली तारीख, जमिनीवरचा बोजा व चालू दावे दिसतात. हे काम नातू पाच मिनिटांत करून देतो. आपण फक्त त्याच्या शेजारी बसून तारीख मात्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचावी.

परंतु येथे एक खाचखळगा आहे, आणि आपल्या बाजूच्या लोकांनी तो विशेष ध्यानात घ्यावा. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचे किंवा आठपर्यंत सदनिकांचे काम या नोंदणीतून सुटते. वाघोलीपासून शिरूरपर्यंत आणि पुढे सुप्यापर्यंत जी लहान लहान बांधकामे उठत आहेत, त्यांतील कित्येक या सवलतीत बसतात. ती सर्वच वाईट असतात असे नाही. ओळखीचा, गावाकडचा, अंगावर काम घेणारा बांधकामदार कधी कधी मोठ्या कंपनीहून चोख निघतो. मात्र तेथे कागद वाचण्याचा सारा भार आपल्यावर येतो. सातबारा, आठ-अ, फेरफार, अकृषिक आदेश, मंजूर नकाशा, आणि वकिलाकडून मागील तीस वर्षांचा शोध अहवाल, एवढे मिळाल्याखेरीज इसाराची रक्कमही देऊ नये. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग दोन असे लिहिलेले असेल तर ती जमीन सरकारी परवानगीवाचून हस्तांतरित होत नाही, आणि "इतर हक्क" या रकान्यात जे बारीक अक्षरांत असते तेच बहुधा मोठे असते.

हे मी कोणत्या अधिकाराने सांगतो, असे कोणी विचारील. फसलेल्याच्या अधिकाराने सांगतो. नोकरीत असताना भविष्य निर्वाह निधीतून उचल काढून मी हमरस्त्यापासून आत दोन गुंठ्यांचा एक तुकडा घेतला. खरेदीखत झाले, पेढे वाटले. नंतर कळले की नकाशात दाखविलेला वीस फुटी रस्ता दुसऱ्याच्या मालकीच्या बांधावरून जातो, आणि तुकडेबंदीच्या कायद्यामुळे माझे नाव उताऱ्यावर चढत नाही. तो कायदा १९४७ चा, म्हणजे माझ्याहून वडील. त्याची मला वार्ताही नव्हती. त्यात वेळोवेळी बदल होत आले आहेत, म्हणून आजची स्थिती काय हे तलाठी कार्यालयातच विचारावे. विकणाऱ्याला मी दोष देत नाही. न वाचता सही करणारा हात माझाच होता.

घर आतून कसे पाहावे, याविषयी थोडे. मागे मित्राबरोबर एका नमुना सदनिकेत गेलो तेव्हा मी खिशात मोजपट्टी नेली होती. विक्रीस बसलेल्या मुलाने पाचशे ऐंशी फूट म्हणून सांगितलेली सदनिका भिंतीच्या आतून चारशे वीस भरली, आणि न्हाणीघराचे दार सव्वीस इंच निघाले. उद्या आपल्यापैकी कोणाला चाकांच्या खुर्चीची वेळ आली तर त्या दारातून खुर्ची जाणार नाही. दोघांनी उचलून न्यावे लागेल, आणि उचलणारे दोघे तेव्हा परदेशात असतील. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांत दारे किमान नऊशे मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट, असावीत, एकाहून अधिक मजले असल्यास उद्वाहक असावा, फरशी न घसरणारी असावी व आधाराचे कठडे असावेत, असे म्हटले आहे. ज्येष्ठांसाठी म्हणून विकले जाणारे घर महाग असते हे खरे. पण साध्या घरातही ही मापे मागता येतात, आणि भिंत उभी राहण्यापूर्वी मागितली तर दार तेवढे रुंद करण्यास फारसा खर्च येत नाही.

पैशाची गोष्ट थोडक्यात. बांधकाम चालू असलेल्या घरावर वस्तू व सेवा कर पाच टक्के लागतो; मात्र किंमत पंचेचाळीस लाखांच्या आत व चटई क्षेत्र नव्वद चौरस मीटरच्या आत असेल तर तो एकच टक्का आहे. (मुंबई परिसरात ही क्षेत्रमर्यादा साठ चौरस मीटर.) पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर हा कर नाहीच. घर एकट्या पत्नीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, आणि ज्या बाईने चाळीस वर्षे भाड्याच्या खोलीत संसार केला तिच्या नावाची पाटी दारावर लागते, हा लाभ निराळा. उपदान व फंड मिळून जे हाती येईल त्याच्या निम्म्याहून अधिक विटा-सिमेंटात घालू नये, असे माझे मत आहे. दुखणे हप्त्याने येत नाही.

राहिला प्रश्न गावी परतण्याचा. पुष्कळांची गावठाणात वडिलोपार्जित जागा आहे, आणि शहरालगतच्या दोन खोल्यांच्या किमतीत येथे अंगणासह टुमदार घर उभे राहते. अडचण विटांची नसून वारसनोंदीची असते. वडील जाऊन वीस वर्षे झाली तरी उताऱ्यावर त्यांचेच नाव. भाऊ तीन, बहिणी दोन, आणि बहिणींना कोणी विचारलेलेच नाही. त्यांचा हक्क महाराष्ट्राने १९९४ सालीच मान्य केला व २००५ मध्ये साऱ्या देशात तो झाला. तेव्हा पाया खोदण्यापूर्वी त्यांना बोलवा, सर्वांच्या संमतीने वाटपपत्र नोंदवा. माहितीच्या अधिकारासाठी ज्या गावातून लढा दिला गेला, त्या गावच्या माणसाने आपल्याच घरातील कागद बहिणीपासून लपवावा, हे शोभत नाही.

मित्राचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. त्याने लेखी मागणी केली. तीन लाख परत आले, एक लाखासाठी पत्रव्यवहार चालू आहे.

यास्तव विनंती अशी. गावातील एक निवृत्त तलाठी, एक निवृत्त बांधकाम पर्यवेक्षक आणि मी, असे तिघे जण येत्या भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपासून माझ्या ओट्यावर बसणार आहोत. घर पुण्यात घ्यावयाचे असो, नगरात, म्हणजे आता अहिल्यानगरात, असो, वा येथे बांधावयाचे असो, सही करण्यापूर्वी कागद घेऊन या. शुल्क नाही, आणि कोणत्याही विकासकाची शिफारस आम्ही करणार नाही. येताना सातबाऱ्याचा ताजा उतारा, विकासकाने दिलेले प्रत्येक चिठोरे व पत्नीला बरोबर आणावे. आणि वाचण्याचा चष्मा विसरू नये.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
राळेगणसिद्धी, ता. पारनेर