दंड भाजीवालीला, अभय कारखानदाराला

प्लास्टिकच्या प्रश्नावर शासन कोणाच्या बाजूला उभे आहे, हे पाहायचे असेल तर महाराष्ट्राची २३ मार्च २०१८ ची अधिसूचना वाचावी. बंदी मोडणाऱ्यास प्रथम ५,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा १०,०००, आणि तिसऱ्यांदा २५,००० रुपयांसह तीन महिन्यांचा कारावास. मात्र कारखान्यातच मालाला चढणारे वेष्टन त्याच अधिसूचनेने बंदीतून वगळले. परिणामी हातगाडीवरची भाजीवाली गुन्हेगार ठरली आणि वेफर्सच्या पुड्या खेडोपाडी ओतणारी कंपनी निर्दोष राहिली.

खान्देशचा समुद्राशी काय संबंध, असे कोणी विचारील. धुळ्यातून वाहणारी पांझरा मुडावद येथे तापीला मिळते, गिरणाही जळगाव जिल्ह्यात तापीतच उतरते, आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. गटारातली पिशवी याच वाटेने निघते. ती कुजत नाही. उन्हाने ठिसूळ होऊन फुटत जाते. पाच मिलिमीटरहून लहान झालेल्या या कणांना सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. काही कण धरणांच्या गाळात बसतात, उरलेले समुद्रात आणि माशांच्या पोटात जातात. २०२२ साली नेदरलँड्समधील संशोधकांना ते माणसाच्या रक्तातही आढळले.

शहराच्या गटाराइतकेच शेताकडेही पाहिले पाहिजे. रावेर, यावल, चोपड्याच्या केळीबागांत ठिबकच्या नळ्या आल्या, मल्चिंग पेपर आला, घडांवर पिशव्या आल्या. ठिबकने पाणी वाचवले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु फाटका मल्चिंग पेपर वेचण्याची मजुरी शेतकऱ्यानेच सोसायची. ती परवडत नाही म्हणून तो बांधावर जाळला जातो किंवा नांगराखाली जातो, आणि पावसाळ्यात त्याच्या चिंध्या नाल्याला लागतात. माल विकण्यासाठी बांधापर्यंत येणारी कंपनी तो परत नेण्यासाठी येत नाही. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी उत्पादकांवर टाकलेली जबाबदारीही वेष्टनापुरतीच आहे. ठिबकच्या नळीला ती लागू नाही.

प्लास्टिकविरुद्ध बोलणे म्हणजे जळगावच्या चटई कामगाराच्या पोटावर पाय देणे, असा युक्तिवाद आता पुढे येईल. तो मालकवर्गाच्या सोयीचा आहे. जुने प्लास्टिक वितळवून, त्याचा दाणा करून पुन्हा चटई विणणारे हात कामगाराचेच आहेत, आणि त्याला तो माल पुरवते ती उकिरड्यावर वाकलेली कचरा वेचणारी बाई. उद्योगाने टाकलेली घाण निस्तरण्याचे समाजकार्य हीच माणसे तुटपुंज्या मोबदल्यात करीत आहेत. त्यांचे संरक्षण ही आमच्या मागणीची पहिली अट आहे.

जगाच्या व्यासपीठावरही हेच नाटक चालले आहे. २०२४ मध्ये बुसान येथे प्लास्टिकविषयक जागतिक कराराच्या वाटाघाटींत उत्पादनालाच मर्यादा घालण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा तेलसंपन्न राष्ट्रांबरोबर भारत सरकारनेही विरोध केला. ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाची बैठकही करारावाचून उठली. नळ उघडा ठेवून फरशी पुसण्याचे काम मात्र गरिबाकडे!

म्हणून कार्यकर्त्यांनी नदीकाठच्या सफाई मोहिमेवर समाधान मानू नये. वापरलेल्या नळ्या, मल्चिंग पेपर आणि घडांच्या पिशव्या कंपन्यांनी तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या भावाने परत घ्याव्यात. कचरावेचकांना नगरपालिका व महापालिकांनी वेतन द्यावे. स्वस्त कापडी पिशवी हाती येईपर्यंत हातगाडीवरचा दंड थांबवावा. या तीन मागण्या घेऊन धुळे-जळगावच्या जिल्हाधिकारी कचेऱ्यांवर शेतकरी, चटई कामगार आणि कचरावेचक एकत्र गेले पाहिजेत. ज्याने नफा घेतला त्यानेच घाण उचलावी, एवढा साधा न्याय आम्ही मागतो आहोत.