मोफत लढाऊ विमान मिळालं, पण धंद्याला चालेल का?

गेल्या आठवड्यात शेवगावच्या क्लासनंतर एक पोरगा थांबला. म्हणाला, "सर, यात्रेत विमान उडवायचा स्टॉल टाकतोय. माणशी ५० रुपये. कॉम्प्युटर, जॉयस्टिक, मोठा स्क्रीन मिळून ८० हजार लागतील. आईचे दागिने ठेवून कर्ज काढतोय. विमान मात्र फुकट मिळालंय, मिग-२१!"

कल्पना चांगली आहे, हे आधी सांगतो. मिग-२१ आपल्याकडे लोकांना माहीत आहे. आपल्याच राज्यात, नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात ती बनली. १९६३ मध्ये हवाई दलात आलेलं हे विमान २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये निवृत्त झालं. बातम्या सगळ्यांनी बघितल्या, त्यामुळे गिऱ्हाईक थांबणार. पण "फुकट" या शब्दावर दागिने ठेवायचे नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: विकत घेतलेल्या वस्तूपेक्षा फुकटची वस्तू जास्त कडक तपासा. विकत घेतलेली बिघडली तर दुकानदाराला धरता येतं. फुकटच्या वस्तूची जबाबदारी सगळी तुमच्यावर.

१. पैसे घेऊन चालवायची परवानगी आहे का?
लोक इथेच फसतात. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरला मे २०२२ मध्ये 'टॉप गन: मॅव्हरिक' सिनेमाच्या निमित्ताने मोफत एक्स्पान्शन मिळालं, त्यात एफ/ए-१८ सुपर हॉर्नेटही होतं. डीसीएस वर्ल्डमध्येही सुखोई-२५टी मोफत आहे. पण हे घरी स्वतः खेळण्यासाठी मोफत. तिकीट लावून लोकांना बसवणं हा व्यावसायिक वापर झाला, त्याचे नियम वेगळे. आणि सिनेमाचं नाव बॅनरवर छापायचा मोह तर बिलकुल नको.

फ्लाइटगिअरचं तसं नाही. तो जीपीएल परवान्यावरचा मुक्त सिम्युलेटर आहे. तो वापरून पैसे कमवायला परवाना आडवा येत नाही. त्याच्यासाठी स्वयंसेवकांनी बनवलेलं मिग-२१बिसही आहे. पण सिम्युलेटरचा परवाना आणि विमानाचा परवाना एकच असेल असं धरून चालू नका. विमानाच्या फोल्डरमधली परवान्याची फाइल उघडा. 'नॉन-कमर्शियल' शब्द दिसला की ते विमान स्टॉलसाठी बाद.

२. तुमच्या मशीनवर चालतं का?
नवीन मशीन घ्यायच्या आधी मित्राच्या कॉम्प्युटरवर दोन तास सलग चालवा. चित्र अडकतंय का, मशीन किती तापतं, मध्येच बंद पडतं का, हे वहीत लिहा. फ्लाइटगिअर जमिनीची दृश्यं उडता उडता इंटरनेटवरून उतरवतो. यात्रेच्या गर्दीत मोबाइलला रेंज नसते. म्हणून ज्या भागात उडवणार, तो घरीच आधी फिरून उतरवून ठेवा. लाईट गेली तर काय, त्याचंही उत्तर आधी शोधा.

३. गिऱ्हाइकाला पाच मिनिटांत मजा येते का?
मिग-२१ हे त्रिकोणी पंखांचं, फार वेगात उतरणारं विमान. मी स्वतः बसलो तर उतरताना तीनदा आपटलं. दहा वर्षांचं पोरगं पहिल्याच मिनिटाला आपटणार आणि बाप म्हणणार, "५० रुपये पाण्यात." म्हणून धावपट्टीवरून सुरुवात नको, विमान थेट हवेत उंचावर सुरू करा. विमान हुबेहूब आहे का, हे शौकीन बघतो. तुम्ही रांगेतला माणूस हसत उठतो का, ते बघा.

४. बिघडलं तर दुरुस्त कोण करणार?
बनवणारे हौशी लोक आहेत, तुमचे नोकर नाहीत. जे व्हर्जन नीट चालतं त्याची कॉपी पेनड्राइव्हवर ठेवा. यात्रेच्या आदल्या रात्री अपडेट करू नका.

५. हिशोब बसतो का?
पाच मिनिटं उडवणं, दोन मिनिटं बसवणं-समजावणं. म्हणजे तासाला आठ गिऱ्हाइकं, ४०० रुपये. संध्याकाळचे पाच तास सतत रांग राहिली तर २,०००. जागाभाडं, मदतनीस, वीज, पेट्रोल मिळून ९०० धरा. उरले १,१००. ८० हजार फिटायला ७३ संध्याकाळी, तेही व्याज सोडून. मढीची यात्रा आणि मोहट्याची नवरात्र दोन्ही धरली तरी तेवढे दिवस भरत नाहीत.

बघा, विमानाची किंमत शून्य होती, तरी हिशोब बसला नाही. कारण खर्च विमानात नव्हताच. तो मशीनमध्ये, जागेत आणि रिकाम्या दिवसांत होता.

मग त्या पोराला काय सांगितलं? दागिने घरीच राहू दे. मित्राचा कॉम्प्युटर आणि एक साधी जॉयस्टिक घे. एका शाळेच्या मुख्याध्यापकांना भेट, स्नेहसंमेलनाच्या दिवशी एक वर्गखोली माग. ओझरचा कारखाना, मिगची गोष्ट आणि पाच मिनिटं उड्डाण, असा कार्यक्रम ठेव. मुलामागे २० रुपये मिळाले तरी चालतील. शंभर मुलं बसव आणि किती जण पुन्हा रांगेत येतात ते मोज.

चाळीस जण पुन्हा आले तर कर्जाचं बोलू. दहाच आले तर शंभर मुलांनी तुझे ८० हजार वाचवले असं समज.

तुमच्याही धंद्यात काही ना काही फुकट मिळत असेल: सॉफ्टवेअर, डिझाइन, सॅम्पल. त्यालाही हेच पाच प्रश्न विचारा. उत्तरं वहीत लिहा, मगच खिशात हात घाला.