गाणारी सभा की पाहणारी सभा?

गेल्या वर्षी एका धर्मग्रामाच्या सणाच्या मिस्साला उपस्थित राहण्याचा योग आला. वेदीच्या दोन्ही अंगांना मोठे पडदे लावले होते. ख्रिस्तशरीराचा स्वीकार संपला, मंदिरात शांतता पसरली आणि त्या पडद्यांवर एक भक्तिगीत सुरू झाले. मावळतीच्या प्रकाशात समुद्रकिनाऱ्यावरून चालणारा गायक, वाऱ्यावर उडणारे त्याचे उपरणे, आकाशातून टिपलेले चर्चचे शिखर, संथपणे खाली येणाऱ्या फुलांच्या पाकळ्या अशी एकामागून एक चित्रे सरकू लागली. चाल सुरेल होती. शब्दही वाईट नव्हते. माझ्या शेजारी एक वृद्धा बसली होती. प्रायश्चित्तकाळातील झाडून सारी गीते तिला मुखोद्गत आहेत. तिने हातातील जपमाळ थांबवली आणि ती पडद्याकडे पाहू लागली. मंदिरात शेकडो माणसे होती, पण एकाचेही ओठ हलत नव्हते. हलत होते ते केवळ पडद्यावरील गायकाचे ओठ. आणि चित्रीकरण कसे होते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हेही ठाऊक आहे, की ते ओठसुद्धा गात नव्हते.

हा लेख त्या गायकाविरुद्ध नाही, त्या धर्मगुरूंविरुद्ध तर नाहीच. दोघांचाही हेतू निर्मळ असणार. माझा आक्षेप आहे तो ‘म्युझिक व्हिडिओ’ नावाचा साचा आपण डोळे मिटून उपासनेत आणला, याला. या प्रकाराबद्दल आपल्या समाजात दोनच मते ऐकू येतात. पहिले मत म्हणते, हे सारे सैतानी कारस्थान आहे, तरुणांनी त्याकडे पाहूही नये. दुसरे म्हणते, माध्यम निरपेक्ष असते. त्यात ख्रिस्ताचे नाव घातले की ते सुवार्तेचे साधन होते. मला ही दोन्ही मते अमान्य आहेत. वरवर ती परस्परविरोधी दिसत असली, तरी दोघांची चूक एकच आहे. व्हिडिओत काय दाखवले आहे एवढेच दोघे पाहतात. व्हिडिओ पाहणाऱ्याचे काय करतो, हे कोणीच पाहत नाही.

या प्रकाराचा जन्म कोठे झाला ते आधी पाहू. १९४० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील उपाहारगृहांत आणि मद्यगृहांत नाणे टाकून पाहण्याची यंत्रे असत. त्यांच्या पडद्यावर गाण्यांचे सुमारे तीन मिनिटांचे चित्रपट दिसत. पुढे १९७५ साली ‘क्वीन’ या इंग्लिश वाद्यवृंदाने ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्यासाठी काही तासांत एक चित्रफीत तयार करून घेतली. आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी हा तिचा प्रमुख गायक. इतके गुंतागुंतीचे गाणे दूरदर्शनच्या कार्यक्रमात प्रत्यक्ष सादर करणे अवघड होते आणि वाद्यवृंद दौऱ्यावर निघणार होता. गायक नसेल तेथे त्याची प्रतिमा पोहोचावी, हा त्या फितीचा हेतू. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत ‘एमटीव्ही’ ही वाहिनी सुरू झाली, तेव्हा ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्या तिला आपल्या चित्रफिती फुकट पुरवीत. का? कारण त्या जाहिराती होत्या. साबणाच्या जाहिरातीत साबण वेगळा असतो आणि जाहिरात वेगळी असते. येथे जाहिरात हेच करमणुकीचे रूप झाले. हा जन्महेतू सांगितल्याने त्या कलेची निंदा होत नाही. पण ज्या साच्याची घडण गायकाचा चेहरा विकण्यासाठी झाली, तो साचा आपण उसना घेतो तेव्हा हे स्मरणात असावे.

आता त्याचे तंत्र पाहू. गाणे आधी ध्वनिमुद्रित होते. चित्रीकरणाच्या वेळी ते मोठ्याने वाजवले जाते आणि गायक त्याबरहुकूम ओठ हलवतो. त्याच्या हालचाली स्वप्नवत संथ दिसाव्यात, पण ओठ मात्र गाण्याशी जुळावेत, असे हवे असेल तर एक युक्ती करतात. गाणे दुप्पट वेगाने वाजवतात, गायक त्या वेगाने ओठ हलवतो, कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी ४८ चित्रे टिपतो. मग तीच चित्रे नेहमीच्या गतीने दाखवली, की ओठ जुळतात आणि केस व वस्त्रे मात्र पाण्यात तरंगल्यासारखी हलतात. भक्तीच्या व्हिडिओत ज्याला आपण ‘ध्यानमग्न’ भाव म्हणतो, तो पुष्कळदा घाईने ओठ हलवणाऱ्या माणसाचा असतो! याशिवाय तालाच्या ठोक्यावर दृश्य तोडण्याची रीत आहे. दर दोन-तीन सेकंदांनी नवे दृश्य आले, की डोळा खिळून राहतो आणि कान दुय्यम होतो. हे सारे कौशल्य आहे, त्यात पाप नाही. परंतु पाहणाऱ्याला खिळवून ठेवणे हे या कौशल्याचे एकमेव ध्येय आहे. त्याला गायला लावणे हे नव्हे.

येथे कोणी म्हणेल, की खरा धोका सोडून तुम्ही आपल्याच माणसांच्या मागे का लागता? पवित्र चिन्हांची विटंबना करणाऱ्या त्या परदेशी व्हिडिओंचे काय? तर त्याचाही परामर्श घेऊ. १९८९ साली मॅडोना या गायिकेचा ‘लाइक अ प्रेयर’ हा मेरी लॅम्बर्ट यांनी दिग्दर्शित केलेला व्हिडिओ आला आणि कॅथलिक जगात निषेधाची लाट उसळली. जळते क्रूस, तळहातावर उमटलेली ख्रिस्ताच्या जखमांची खूण आणि जिवंत होणारा कृष्णवर्णीय संताचा पुतळा हे पाहून संताप येणे स्वाभाविक होते. परंतु त्यातील कथा किती जणांनी शेवटपर्यंत पाहिली? एका स्त्रीवर गोरे गुंड हल्ला करतात, तिच्या मदतीला धावलेल्या कृष्णवर्णीय तरुणालाच पोलीस पकडतात, आणि ते पाहणारी एक स्त्री चर्चमध्ये जाऊन, प्रार्थनेतून धैर्य मिळवून, पोलिसांपुढे साक्ष देते. तो निरपराध माणूस सुटतो. जळते क्रूस ही अमेरिकेत कृष्णवर्णीयांना धमकावण्याची वंशद्वेष्ट्यांची खूण होती, हे आपल्यापैकी अनेकांना माहीतही नव्हते.

मग तो व्हिडिओ निर्दोष होता काय? मुळीच नाही. पण त्याचा दोष आपण दाखवला तो नव्हे. तेच गाणे वापरून एका शीतपेयाची जाहिरात २ मार्च १९८९ रोजी अनेक देशांत दाखवली गेली आणि दुसऱ्याच दिवशी व्हिडिओ प्रसारित झाला. या करारापोटी गायिकेला ५० लाख डॉलर मिळाले. निषेध वाढल्यावर कंपनीने जाहिरात मागे घेतली. पैसे गायिकेकडेच राहिले आणि निषेधामुळे गाण्याचा बोलबाला झाला तो वेगळाच. क्रूसाचा अपमान झाला असेल तर तो येथे झाला: अन्यायाची एक गंभीर कथा आणि शीतपेयाचा खप एकाच आठवड्याच्या वेळापत्रकात बसवले गेले. आपण मात्र पुतळ्याच्या अश्रूंवर रागावलो आणि बाजाराकडे आपले लक्षच गेले नाही.

दुसरे उदाहरण १९९१ सालचे. जालंधरच्या तरसेम सिंग यांनी ‘आर. ई. एम.’ या अमेरिकन वाद्यवृंदासाठी ‘लूझिंग माय रिलिजन’ हा व्हिडिओ केला. नाव ऐकूनच आपल्याकडील काहींनी कपाळाला आठ्या घातल्या. वास्तविक अमेरिकेच्या दक्षिणेकडील बोलीत त्या शब्दांचा अर्थ ‘माझा संयम सुटतो आहे’ असा होतो. त्यातील प्रकाशयोजना काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराची आठवण करून देते. त्या काराव्हाज्जोने रंगवलेले पवित्र मरियेच्या मृत्यूचे चित्र रोममधील कार्मेलाइट संन्याशांनी आपल्या चर्चसाठी नाकारले होते. आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे आणि लोक त्यापुढे नतमस्तक होतात. कलावंताने केलेला पवित्र विषयाचा शोध आपल्याला प्रथमदर्शनी ओळखता येतोच असे नाही, एवढे तारतम्य या इतिहासातून शिकावे.

म्हणून मी म्हणतो, परक्यांच्या व्हिडिओंनी आपल्या श्रद्धेचे फारसे बिघडवले नाही. ते वेदीपाशी आले नव्हते. वेदीपाशी आले ते आपले व्हिडिओ. त्यांत जळता क्रूस नाही, अश्लीलता नाही, म्हणून आपण निर्धास्त राहिलो. पण साचा तोच आहे. मध्यभागी एक चेहरा, त्याच्याभोवती निसर्ग, आरंभी निर्मात्यांची आणि प्रायोजकांची नावे, अखेरीस व्हिडिओ आवडल्यास इतरांना पाठवण्याची विनंती. गाणे देवाला उद्देशून आहे आणि कॅमेरा गायकाला उद्देशून. भाविकाने यांपैकी कोणाकडे पाहावे?

हा प्रश्न नवा नाही. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या खंडात तो स्वतःलाच विचारला आहे. धर्मपरिवर्तनाच्या काळात उपासनेतील गीते ऐकून आपल्या डोळ्यांत अश्रू आले, हे ते कृतज्ञतेने आठवतात आणि गायनाच्या प्रथेला मान्यताही देतात. तरी पण जे गायले जाते त्यापेक्षा गाणाऱ्याचा आवाजच आपल्याला अधिक हलवतो, तेव्हा आपल्या हातून पाप घडते आणि अशा वेळी ते गाणे न ऐकलेलेच बरे वाटते, अशी कबुली ते देतात. केवळ आवाजाच्या मोहाने ज्यांचे मन इतके शंकित झाले, त्यांच्यापुढे आज आवाजासोबत चेहरा, समुद्रकिनारा आणि सूर्यास्त ठेवला असता तर?

याच ग्रंथात ३८६ सालच्या मिलान शहराची हकिकत आहे. राजमातेच्या छळाच्या त्या दिवसांत संत अँब्रोज आणि त्यांचे भाविक चर्चमध्ये रात्रंदिवस ठाण मांडून बसले होते. दुःखाने लोकांचा धीर खचू नये म्हणून तेथे स्तोत्रे आणि गीते सर्वांनी मिळून गाण्याची रीत सुरू झाली. लोकांना बळ आले ते ऐकून नव्हे, गाऊन. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेले ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचले, रेव्हरंड टिळकांनी अभंग आणि भजन यांचा आश्रय घेतला, तोही याचसाठी. ओवी ऐकणारा ती घरी नेतो, जात्यावर म्हणतो, आपल्या मोडक्या गळ्यातून लेकराच्या कानात घालतो. व्हिडिओ घरी नेता येतो, पण तो पुन्हा पाहण्यासाठी, गाण्यासाठी नाही.

आता विरुद्ध बाजूचे म्हणणे. २०२० सालच्या महामारीत चर्चची दारे बंद होती, तेव्हा घरोघरी वेगवेगळे मुद्रित केलेले आवाज जुळवून गानवृंदांनी गीते पाठवली आणि अनेक एकाकी घरांना आधार दिला. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना, आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांना आजही या गीतांचा आधार वाटतो. हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने प्रसारमाध्यमांचे स्वागत केले, हेही खरे. पण येथे एक विसर पडतो. ४ डिसेंबर १९६३ या एकाच दिवशी परिषदेचे दोन दस्तऐवज प्रसिद्ध झाले: एक प्रसारमाध्यमांविषयी, दुसरा पवित्र उपासनेविषयी. दुसऱ्यात भाविकांचा पूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय सहभाग हे ध्येय ठरवले आहे आणि लोकगायनाला उत्तेजन देण्यास सांगितले आहे. आपण पहिल्या दस्तऐवजाच्या आधारे पडदे विकत घेतले आणि त्या पडद्यांनी दुसऱ्या दस्तऐवजाला मूक केले. घरातील एकाकीपणावर जे औषध होते, तेच भरलेल्या मंदिरात आपण एकाकीपणा आणण्यासाठी वापरतो आहोत.

व्हिडिओचा साचा बदलता येत नाही असे नाही. १५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनने ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ प्रथम दाखवले. पंडित भीमसेन जोशींपासून सुरू झालेला सूर एका भाषेतून दुसऱ्या भाषेत, नामवंतांकडून अनाम माणसांकडे जातो. तेथे प्रसिद्ध चेहरे आहेत, पण सूर कोणाच्याही मालकीचा होत नाही. म्हणूनच तो पाहणारी मुले गप्प बसली नाहीत, गाऊ लागली. विक्रीऐवजी हेतू वेगळा असला, की तंत्रही वेगळे वळण घेते.

तेव्हा माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. मिस्सा चालू असताना कोणतेही मुद्रित भक्तिगीत पडद्यावर दाखवू नये. पडदा हवाच असेल तर त्यावर केवळ गीताचे शब्द असावेत, म्हणजे सारे गातील. एका व्हिडिओवर जो खर्च होतो तो एखाद्या वर्षी गानवृंदाच्या शिक्षणावर, पेटी-तबला शिकवण्यावर आणि स्वरलिपीसह गीतपुस्तिका छापण्यावर करावा. घरासाठी व्हिडिओ जरूर करावेत. पण त्यांत कवी आणि संगीतकार यांची नावे गायकाच्या नावाइतकीच ठळक असावीत आणि चाल सर्वांना पेलेल अशा पट्टीत असावी. आणि ज्यांना गीते पाठ आहेत अशा वृद्धांचे आवाज आजच मुद्रित करून ठेवावेत, त्यांचा चेहरा सुंदर दिसतो की नाही याची पर्वा न करता.

त्या दिवशी मिस्सा संपल्यावर मी त्या वृद्धेला विचारले, “आजी, गाणे कसे वाटले?” ती म्हणाली, “चांगलं होतं बाबा. पण आम्ही कुठं म्हणायचं, ते काय कळलं नाही.”

तिच्या प्रश्नाचे उत्तर तिला देणे आपणा सर्वांकडे लागू आहे.